मयताच्या चौकटीतले मामा

झेंगझोउ,
पहिलं दंव पडून गेल्यानंतरचा सोमवार

आदरणीय मामांच्या पायांशी (गुडघा ठणकत असेल तर जरा लांबूनच) छिंगहोचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा, मामींचं ब्लडप्रेशर आणि अंगणातलं सफरचंदाचं झाड ही तिन्ही मंडळी ठीक असतील असं धरून चालते. इकडे मी खाऊनपिऊन सुखरूप आहे. हे शेवटचं वाक्य तुम्ही चष्मा वर सरकवून पुन्हा वाचाल, हे मला ठाऊक आहे. ज्याचा सगळा जन्म रेल्वेत तिकिटं तपासण्यात गेला, त्याने भाचीची खुशाली पहिल्या फटक्यात खरी मानावी अशी माझी अपेक्षाच नाही. आपल्या घराण्यात मधुमेह नाही, टक्कल नाही. संशय तेवढा पिढीजात आहे. आजोबा बाजारात अंडं विकत घेताना आधी कोंबडी दाखवा म्हणायचे. आई अजून माझ्या आवाजावरून मी काय जेवले ते ओळखते आणि वर ते खोटं ठरवते. तेव्हा मी हे पत्र संशयाने लिहिते आहे, तुम्ही संशयानेच वाचा, यात कुणी कुणाचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

फोन सोडून पत्र का, असं विचाराल. मोबाइलवरचा माझा विश्वास उडाला आहे. मागच्या महिन्यात कँटीनमध्ये मी एका माणसाला एवढंच म्हणाले होते, की मामांचा फोटो फाडून टाक. मोबाइल टेबलावर पालथा होता. तासाभराने उघडला तर समोर स्मशानातल्या जागांची जाहिरात: पाठीशी डोंगर, समोर पाणी, ज्येष्ठांना सवलत. दुसऱ्या दिवशी संगमरवरी शिळा, नाव कोरून मिळेल. तिसऱ्या दिवशी मयतासाठी जाळायचे कागदी घोडे आणि कागदी मोटार, परलोकात घरपोच. तेव्हापासून महत्त्वाचं काही बोलायचं असलं की मी मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरून ठेवते. टपालावर माझी फार श्रद्धा आहे अशातला भाग नाही, पण पाकीट निदान ऐकत तरी नाही. (मामी, पाकीट तुम्ही वाफेवर धरून उघडलं असेल तर इथंच थांबा. पुढे तुमच्या कामाचं काही नाही. थांबवत नसेल तर आधी गोळी घ्या.)

तर मुद्द्याकडे येते, म्हणजे येण्यासाठी निघते. गेले काही आठवडे तुमच्या घरी काहीतरी शिजतंय. रोज सकाळी तुम्ही मला कमळाचं चित्र पाठवायचात, खाली 'नाश्ता केल्याशिवाय बाहेर पडू नये'. ते बंद झालं. आणि त्या जागी मामींचे प्रश्न सुरू झाले. आधी त्यांनी माझा रक्तगट विचारला. माझा संशय सरळ स्थळावर गेला. हल्ली मुलाकडचे जन्मवेळेआधी रक्तगट जुळवतात असं ऐकून होते. मी सांगून टाकला, म्हटलं रक्त जुळल्याने कुणाचं लग्न लागत नाही. मग दोन दिवसांनी विचारलं, पाय सुजतात का. चौतिशीच्या, बिनलग्नाच्या, एकट्या राहणाऱ्या मुलीला हा प्रश्न कशापोटी विचारतात हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. नाही सुजत, आणि तसलं काही नाही. पण परवाच्या फोनवर मागून तुमचा आवाज आला, 'तिला कळू देऊ नकोस.' तुम्ही कुजबुजलात असं तुम्हाला वाटलं असेल. मामा, गाडीत घोषणा करून करून तुमचं कुजबुजणं दोन डबे ऐकू जातं. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. मामांनी पाहिलं.

काय पाहिलं ते आता सांगते. मोबाइलवरच्या ज्या उभ्या मालिका मी लिहिते, त्यांचा एक भाग दीड मिनिटाचा असतो. तेवढ्यात एक थप्पड, एक गौप्यस्फोट आणि शेवटी प्रेक्षकाचा घास घशात अडकेल असं काहीतरी बसवायचं. पहिले दहा भाग फुकट, पुढचे पैसे भरून. म्हणून दहाव्या भागापर्यंत नायिकेचे इतके हाल करायचे, की बघणाऱ्याने भाजी आणायला काढलेले पैसे आम्हाला द्यावेत. पडदा उभा आणि अरुंद, त्यात एका वेळी धड एकच माणूस मावतो. सासू आणि सून एकत्र दाखवायच्या तर एकीच्या वर एक उभ्या कराव्या लागतात, म्हणून आमच्याकडची सगळी भांडणं जिन्यात होतात. (तुम्ही एकदा विचारलं होतंत, या श्रीमंतांना दिवाणखाना नसतो का. असतो. मावत नाही.) शहराबाहेर एक भाड्याचा बंगला आहे, तिथे एकाच दिवशी तीन-तीन कंपन्यांचं शूटिंग चालतं. वरच्या मजल्यावर अब्जाधीश शेवटचे श्वास मोजतो, स्वयंपाकघरात त्याच वेळी दुसऱ्या कंपनीची सून विष कालवते, आणि मधल्या जिन्यासाठी दोघांची मारामारी. या असल्या पडद्यात कुठेही न कापता डोक्यापासून खांद्यापर्यंत मावणारा नट एकच, तो म्हणजे हार घातलेल्या चौकटीतला मयत.

आणि तुम्हाला आमच्या धंद्यातला रिवाज ठाऊक नसेल. मयत म्हणून फोटोला बसणाऱ्या नटाला पैशांचं लाल पाकीट द्यावं लागतं, अपशकुनाची भरपाई म्हणून. शूटिंग संपलं की त्याच्या डोळ्यांदेखत तो फोटो फाडायचा, आणि लगेच त्याच माणसाचा खळखळून हसतानाचा एक फोटो काढायचा. म्हणजे यमाच्या कचेरीत चुकून नोंद झालीच असली तर खोडली जाते. आमचा दिग्दर्शक न्ये देवधर्म काही मानत नाही, पण यात त्याने कधी हयगय केली नाही. करत नव्हता, असं म्हणायला हवं.

कारण या खेपेला वारलेल्या आजोबांच्या कामासाठी ठरलेले गृहस्थ आले, त्यांनी काळी फीत लावलेली चौकट पाहिली, घरी सुनेला दिवस गेलेत म्हणाले आणि आल्या पावली परत गेले. बंगला तासाच्या भाड्यावर. न्ये जिन्यात येरझारा घालायला लागला. तेव्हा सामानखात्याचा लाओ दौ म्हणाला, मी बघतो. (मामा, हा लाओ दौ प्लॅस्टिकची द्राक्षं धुऊन आठ मालिकांत वापरतो. तो 'मी बघतो' म्हणाला की माणसाने आपल्या खिशावर हात ठेवावा.) मी वरच्या पायरीवर बसून सासूच्या तोंडी नवी शिवी घालत होते. थोड्या वेळाने खाली आले. पांढरी शेवंती, उदबत्त्या, संत्र्यांची रास, आणि मधोमध चौकटीत तुम्ही.

माझ्या टेबलावरचा फोटो. तुमच्या निवृत्तीच्या दिवसाचा, टोपीसकट, ज्यात फोटोग्राफर विनातिकीट असावा तसे तुम्ही त्याच्याकडे बघताय. लाओ दौने त्याची काळी-पांढरी झेरॉक्स मोठी करून, टोपी कापून बसवली होती.

मी ओरडायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण आमची नायिका मानलू, जी एरवी डोळ्यांखाली बाम चोळल्याशिवाय रडत नाही, तिने तुमच्याकडे पाहिलं आणि ती खरीखुरी रडायला लागली. नंतर म्हणाली, हे आजोबा असे बघत होते, की मीच मृत्युपत्र चोरलंय असं वाटायला लागलं. न्येने श्वास रोखून कॅमेरा चालू ठेवला. मामा, तेवढा वेळ तुमची भाची गप्प बसली आणि तिच्यातली लेखिका खूश झाली. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. प्रेक्षकांनी तर तुम्हाला डोक्यावर घेतलं. खाली प्रतिक्रिया काय आहेत बघा: 'म्हातारा मेलेला नाही, डोळे बघा त्याचे.' 'जावयावर लक्ष ठेवून आहे.' 'माझ्याकडे बघतोय, मी मोबाइल पालथा ठेवला.' मालिका चालली ती तुमच्या नजरेवर.

शूटिंग संपल्यावर मी लाओ दौला सांगितलं, फोटो फाड. फाडला म्हणाला. इथून माझा संशय सुरू झाला, कारण तो एका वाक्यात हो म्हणाला, आणि लाओ दौ एका वाक्यात हो म्हणत नाही. पंधरवड्याने दुसऱ्या कंपनीची एक मालिका सहज उघडली, शंभर वर्षांपूर्वीच्या काळातली. सेनापतीच्या वाड्यात श्राद्ध चाललेलं, आणि भिंतीवर तुम्ही. पेनाने मिशी काढलेली. साधीसुधी नाही, दोन्ही टोकं कानांकडे वळवलेली, आणि तिच्याखाली तुमचा तोच चेहरा, 'तिकीट दाखवा' म्हणणारा. मग एका मालिकेत बेंबीपर्यंत पांढरी दाढी लावून तुम्ही हवेत उडणाऱ्या तपस्व्यांचे दिवंगत गुरू झालात. मग इस्पितळाचे संस्थापक. एका आठवड्यात तर तुम्ही दोन वेगळ्या घरांत एकाच वेळी वारलेले होतात, आणि दोन्ही विधवा तुमच्या निष्ठेची शपथ घेत होत्या. (मामी, थांबा म्हटलं होतं.) मी लाओ दौला कँटीनमध्ये गाठला.

"फाडला होता," तो म्हणाला.

"मग मिशी कुणाला काढलीस?"

"झेरॉक्सला. फाडला तो मूळचा."

माझ्या टेबलावरचा फोटो फाडला आणि झेरॉक्स भाड्याने दिली, असा हा मनुष्य. वर मला म्हणतो, ताई, अहो चेहरा किती विश्वासू आहे, कुणाच्याही घरात मयत म्हणून शोभतो.

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण हे वर्ष कुठलं, मामा? तुम्हाला त्र्याहत्तरावं लागलंय. 'त्र्याहत्तर नि चौऱ्याऐंशी, आमंत्रण नसता यमापाशी' असं आजी म्हणायची आणि हात धुवायची. अशा वर्षात माणसाने अंत्ययात्रा दिसली तर गल्ली बदलावी, आणि मी तुम्हाला पाच-सहा घरांत हार घालून ठेवलंय, एकाही लाल पाकिटाशिवाय, एकदाही न हसवता. पहिला फोटो पडद्यावर आला त्याच आठवड्यात तुमचा गुडघा धरला. डॉक्टर म्हणाले वयोमान. डॉक्टरांना काय कळतंय, ते मालिका बघत नाहीत.

त्र्याहत्तरीत मुलीने आणलेला कार्प मासा खाल्ला की माणूस उडी मारून ते वर्ष ओलांडतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्हाला मुलगी नाही. मुलगा लिनदादा शेनझेनला, त्याला मासा घ्यायला पाठवलं तर माशाचं ॲप घेऊन येईल. म्हणून तो पिवळ्या नदीचा जिवंत कार्प मी पाठवला होता, प्राणवायू भरलेल्या पिशवीत. चिठ्ठी लिहायला बसले. 'मामा, मासा खा, कारण मी तुम्हाला मारलंय' हे काही शेवटपर्यंत लिहवेना. म्हणून मासा बिनचिठ्ठीचाच गेला. त्यानंतर फोन करायची हिंमत होईना, केलाच तर हवामानावर बोलून ठेवून द्यायचे. आणि तुमचं कमळ बंद झालं. आता सांगा, मी काय समजायचं? एकच आशा होती. तुम्ही दोघं मालिका बघता, मामी पीठ मळताना मोबाइल तेलाच्या बुधल्याला टेकवून बघतात, पण फोटो येतो अकराव्या भागात, आणि मामी अकराव्यासाठी पैसे भरणाऱ्यातल्या नव्हेत.

मी ते निस्तरायचा प्रयत्न केला नाही असं समजू नका. आमच्याकडे साठाव्या भागानंतर मेलेला माणूस मेलेला राहत नाही. मी आजोबा परत आल्याचा प्रसंग लिहून नेला: दार उघडतं, काठी दिसते, जावई पायरीवरून घसरतो. न्येने कागद परत केला. म्हणाला, जिवंत म्हाताऱ्याला पैसे भरून कोण बघतो? जो तो घरी फुकट बघतो.

मामा, तुम्ही मला परीक्षेचा अर्ज भरण्यापासून वाचवलंत. आई सरकारी नोकरीच्या क्लासची पावती घेऊन उभी होती आणि घरात तुम्ही एकटेच म्हणालात, 'पोरीला थापा चांगल्या जमतात, तिला त्याच धंद्यात जाऊ दे.' सुट्टीत तुम्ही मला विनातिकीट प्रवाशांच्या सबबी ऐकवायचात. तो बदक घेऊन चढलेला आणि बदकाचं तिकीट काढलेला माणूस, ती दर स्टेशनला नव्या नवऱ्याची वाट बघणारी बाई. त्या माझ्या पहिल्या गोष्टी. अजून मी काही लिहिलं की मनात तुम्हाला दाखवते, आणि तुम्ही खोटं पकडलंत तर खोडते. तुम्हाला काही झालं तर मी कुणाला दाखवू? मला भीती वाटते, मामा. विज्ञान शिकलेली बाई असून वाटते.

थंडी सुरू झाली आहे, गुडघ्याला लोकरीची पट्टी बांधा. मासा खाल्ला नसेल तर खा, शेपटीकडून नको, डोक्याकडून. मामींना नमस्कार (त्या इथवर आल्याच असतील).

तुमची लाडकी, आणि सध्या तोंड लपवून फिरणारी भाची,
छिंगहो

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. एक दिवस झेंगझोउला या. गुडघ्यासाठी चांगला वैद्य आहे असं मी निमित्त सांगणार होते, पण तुम्ही वैद्याचं नाव विचारलं असतंत. मला तुमचा हसतानाचा एक फोटो हवा आहे, दात दिसणारा, मी काढलेला. बाकी कशाने नोंद खोडली जात नाही, मी चार जणांना विचारलं. तुमच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही तुम्ही मामींकडे 'ही सीट तुमची का?' असं बघताय, तेव्हा काम सोपं नाही हे मला माहीत आहे. तरी या.

आणखी ता. क. लाओ दौ विचारतो आहे, मामांचा तरुणपणीचा फोटो मिळेल का, एका मालिकेत थोरला भाऊ युद्धात कामी यायचा आहे. मी त्याला नाही म्हणून सांगितलं. (आहे का?)

शेवटचा ता. क., मंगळवार दुपार. पाकिटाला डिंक लावायच्या आधी बूट चढवले, दार उघडलं, तर दारात तुम्ही. हातात पिशवी, डोक्यावर निवृत्तीची टोपी, तोंड सुकलेलं. नमस्कार करायलाही वेळ दिला नाहीत. म्हणालात, "कुठला अवयव?"

मला कळेना. तुम्ही आत येऊन माझे डोळे ओढून पाहिलेत, घोट्यावर अंगठा दाबलात, आणि म्हणालात, की मूत्रपिंड असेल तर रक्तगट जुळतो, मामींनी विचारून घेतलाय, आणि तपासणीला उपाशीपोटी लागतं म्हणून काल दुपारपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. मामींनी बांधून दिलेली अंडी पिशवीत तशीच होती. मी म्हटलं, मामा, मला काहीही झालेलं नाही.

"तुझ्या मालिकेतली तीही हेच म्हणते," तुम्ही म्हणालात. "सातव्या भागात रिपोर्ट येतो, आठव्यात लपवते, नवव्यात घरच्यांना खायला पाठवते, चिठ्ठी नाही, फोन नाही. दहाव्यात निघून जाते. तुझ्या सगळ्या मुली अशाच जातात. आम्ही एकूणएक बघितल्या."

"अकराव्यात बऱ्या होतात, मामा."

"अकराव्याला पैसे पडतात."

कार्प घरी हौदात आहे म्हणे, रोज पाणी बदलताय. जाणाऱ्या पोरीने पाठवलेला मासा कसा कापायचा, असं मामी म्हणाल्या.

आता तुम्ही माझ्या टेबलाशी बसला आहात. समोर मटणाच्या रश्श्यातल्या नूडल्स वाफाळताहेत, पण इस्पितळात जाऊन आल्याशिवाय चॉपस्टिक उचलणार नाही म्हणता. मी तपासणीचे जुने कागद दाखवले, तुम्ही ते उजेडात धरून शिक्का पाहिलात आणि हल्ली शिक्केही बनवून मिळतात म्हणालात. माझ्यावर तुमचा विश्वास नाही, पण माझ्या लिखाणावर आहे, म्हणून हे पत्र टपालात न टाकता तुमच्या हातात देते आहे. मी समोरच्या खुर्चीवर मोबाइल धरून बसते. माझा अंदाज आहे, की मिशीपाशी तुम्हाला हसू येईल. तिथे नाही आलं तर दोन विधवांपाशी येईल. तिथेही नाही आलं तर असेच इथवर वाचत या, मग मान वर करा आणि माझ्याकडे नीट बघा. माझी दोन्ही मूत्रपिंडं जागेवर आहेत, मामा. तुमचीही तुमच्यापाशीच राहू द्यात. नूडल्स गार होताहेत आणि माझं बोट बटणावर आहे.